स्टॉल, स्टँडी आणि स्पॅम: छोट्या कम्युनिकेशन एजन्सीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न क्लायंटकडून येतात, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून येतात, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फोनवर तर हमखास येतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट अपवाद शेवटी. दर कुठेच दिलेले नाहीत, कारण ते कामागणिक बदलतात.

१. कम्युनिकेशन एजन्सी म्हणजे जाहिरात एजन्सीच ना?

थोडी तीच, थोडी वेगळी. जाहिरात एजन्सीचा भर विकत घेतलेल्या जागेवर असतो: वर्तमानपत्रातला कॉलम, रेडिओवरचे सेकंद, सर्चमधली वरची ओळ. कम्युनिकेशन एजन्सी तेही करते, पण तिचं बरंचसं काम विकत न घेतलेल्या जागेत चालतं. पत्रकारांना पाठवायची प्रेस नोट, वेबसाइटवरचा मजकूर, ग्राहकांना जाणारं न्यूजलेटर, प्रदर्शनातला स्टॉल, कंपनीत काही बिनसलं तर द्यायचं निवेदन, हे सगळं त्यात आलं. मोठ्या एजन्सीत यातल्या प्रत्येकाला वेगळा विभाग असतो. छोट्या एजन्सीत सकाळी प्रेस नोट लिहिणारीच दुपारी स्टँडीची (डब्यातून वर ओढून उभ्या करायच्या बॅनरची) फाइल तपासते. त्यामुळे सगळीकडे एकच भाषा राहते, पण ती आजारी पडली की काम अडतं. करार करण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष लिहिणार कोण, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण.

२. पहिल्या बैठकीला काय घेऊन येऊ?

चकचकीत प्रेझेंटेशन नको. तुमच्याकडे फोन उचलणारी जी व्यक्ती आहे तिला ग्राहक रोज काय विचारतात, याची यादी आणा. एजन्सीला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मिळत नाही. शिवाय गेल्या वर्षीची ब्रोशर, लोगोची मूळ फाइल (प्रश्न ३ पाहा) आणि अंतिम होकार देणाऱ्या एकाच माणसाचं नाव. पाच जण मंजुरी देणार असतील तर मजकूर पाच दिशांना ओढला जातो आणि शेवटी कुणालाच आवडत नाही.

३. लोगो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी पुन्हा का मागता?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं. व्हिजिटिंग कार्डावर ते कसंबसं चालतं, तीन मीटरच्या भिंतीवर त्याचे चौकोनी ठिपके दिसतात. आम्हाला हवी असते व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि वळणं गणिताने साठवलेली, कितीही मोठी केली तरी न फाटणारी. ती एआय (इथे इलस्ट्रेटर या प्रोग्रॅमची फाइल, कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे), ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात असते. पीडीएफ असेल तर ती आठशे टक्के मोठी करून पाहा. कडा गुळगुळीत राहिल्या तर फाइल कामाची आहे. जेपीजी चित्र पीडीएफमध्ये चिकटवून पाठवलं तर ते व्हेक्टर होत नाही. हा प्रकार दर आठवड्याला घडतो. मूळ फाइल कुणाकडेच नसेल तर ज्यांनी पहिल्यांदा लोगो काढला त्यांना शोधा, आणि मिळाली की ती तुमच्या स्वतःच्या संगणकावर ठेवा.

४. प्रदर्शनात स्टॉल घ्यावा की तेच पैसे ऑनलाइन जाहिरातींत घालावेत?

वस्तू हातात घेऊन, चालू करून, वाकून पाहिल्याशिवाय विकली जात नसेल तर प्रदर्शन. यंत्रं, फर्निचर, कापड, पॅकेजिंगचं साहित्य यात मोडतं. विक्रीचा निर्णय व्हायला महिने लागतात आणि तो दोन-चार माणसं मिळून घेतात, अशा मालालाही प्रदर्शन मानवतं, कारण ती माणसं तिथे एकत्र भेटू शकतात. उलट ग्राहक दोन मिनिटांत ठरवून मोबाइलवरून मागवत असेल तर स्टॉलचा खर्च निघणं कठीण.

प्रदर्शनं आता संपली, असं अधूनमधून कुणीतरी जाहीर करतं. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झालेल्या महाप्रदर्शनापासून हा प्रकार तग धरून आहे. २०२० च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस साथीमुळे रद्द झाली तेव्हा हेच भाकीत झालं, आणि पुढे ती परत भरू लागली. मात्र एखादं ठरावीक प्रदर्शन मरू शकतं. हॅनोव्हरचं सेबिट एके काळी संगणक क्षेत्रातलं जगातलं सर्वांत मोठं प्रदर्शन होतं. २०१८ नंतर ते बंद झालं. तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. आयोजकांकडून मागच्या वेळच्या स्टॉलधारकांची यादी मागा आणि त्यातल्या दोघांना फोन करा. वेळ असेल तर पहिल्या वर्षी फक्त पाहुणे म्हणून फिरून या. गर्दीच्या आकड्यापेक्षा गर्दी कुणाची होती हे तिथे चटकन कळतं.

५. शेल स्कीम आणि रॉ स्पेस यात फरक काय? आम्ही कोणतं घ्यावं?

शेल स्कीममध्ये आयोजक भिंती, गालिचा, थोडे दिवे, टेबल-खुर्ची आणि वर नावाची पट्टी देतो. सर्वांत लहान स्टॉल बहुतेक ठिकाणी तीन बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटरचा असतो. रॉ स्पेसमध्ये फक्त जमीन मिळते. त्यावरची उभारणी, नकाशांची मंजुरी, वायरिंग आणि शेवटी सगळं मोडून नेणं तुमच्याकडे. पहिल्यांदा जाणाऱ्या छोट्या कंपनीने डोळे मिटून शेल स्कीम घ्यावी.

जागा निवडताना नकाशावर खांब कुठे आहेत ते आधी पाहा. खांबामागचा स्टॉल कागदावर इतरांसारखाच दिसतो. कोपऱ्याच्या स्टॉलला दोन बाजू मोकळ्या मिळतात, पण बॅनर लावायला एक भिंत कमी होते. प्रवेशद्वाराजवळची जागा महाग असते आणि लोक तिथून घाईने आत सरकतात. स्पर्धकाच्या शेजारी बसायला लाजू नका, त्याच्याकडे येणारा माणूस तुमच्याही कामाचाच असतो. लाउडस्पीकरच्या तोंडाशी मात्र जागा फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आणि नावाची पट्टी! फॉर्ममध्ये जसं भरलं तसंच ते छापलं जातं. फॉर्म घाईत दुसऱ्याच कुणी भरलेला असतो आणि मग तीन दिवस चुकीच्या स्पेलिंगखाली उभं राहावं लागतं.

६. तयारी किती आधी सुरू करावी?

तारीख आयोजकांच्या माहितीपुस्तिकेतून उलटी मोजा. वीज, इंटरनेट, जादा फर्निचर, बॅज या प्रत्येकाची शेवटची तारीख त्यात असते आणि ती उलटली की दर चढतो किंवा सोयच मिळत नाही. विजेची मागणी लिहिताना यंत्राच्या पाटीवरचे वॅट वाचून बेरीज करा. रात्री हॉलची वीज तोडतात. फ्रिज किंवा सतत चालणारं यंत्र असेल तर चोवीस तासांची जोडणी वेगळी मागावी लागते.

छापाईच्या फाइली प्रदर्शनाच्या निदान दोन आठवडे आधी छापखान्यात गेलेल्या असाव्यात. त्यानंतर जे काही होतं ते वरातीमागून घोडं.

७. स्क्रीनवर रंग झकास होता, फ्लेक्सवर मळकट का आला?

स्क्रीन रंग प्रकाशातून बनवते: लाल, हिरवा, निळा. छापखाना शाईतून बनवतो: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. स्क्रीनवरचा भडक पोपटी किंवा विजेसारखा निळा साध्या चार शाईंच्या आवाक्यातच नसतो. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या हिशोबात, करा आणि कंपनीचा रंग काटेकोर हवा असेल तर नमुन्याचा एक छोटा तुकडा आधी छापून घ्या. दोन वेगळ्या छापखान्यांत केलेली कामं शेजारी ठेवली तर थोडा फरक दिसणारच.

हातात धरून वाचायच्या छपाईसाठी ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) हवं. भिंतीवरचं चित्र लोक लांबून पाहतात, तिथे पूर्ण आकारात १०० ते १५० पुरतं. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, सोडा. मोठ्या फ्लेक्सला किती हवी ते छापणाऱ्याला विचारा. स्टँडीचा खालचा भाग डब्यात जातो आणि त्याच्या वरचा गर्दीच्या पायांमागे लपतो, म्हणून फोन नंबर तळाला लिहू नका. महत्त्वाचं ते डोळ्यांच्या उंचीवर. मजकूर किती? चालता चालता वाचून होईल तेवढा. बाकीचं ब्रोशरमध्ये.

८. मराठी मजकूर डिझाइनमध्ये टाकला की जोडाक्षरं का तुटतात?

तीन वेगवेगळी कारणं असतात आणि उपायही तीन.

पहिलं, जुने फॉन्ट. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की वाचता न येणारी खिचडी दिसते. असा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि नंतर डोळ्यांनी ओळ न ओळ तपासा, कारण कन्व्हर्टर रफार आणि अर्धी अक्षरं हमखास हुकवतो.

दुसरं, डिझाइनच्या प्रोग्रॅमचं सेटिंग. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदासाठी 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडलेला नसेल तर युनिकोड मजकूरही विस्कटतो: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, पाय मोडलेली अक्षरं दिसू लागतात. एक सेटिंग बदललं की सगळं जागेवर येतं. हे ठाऊक नसलेला डिझायनर रात्रभर एकेक अक्षर हाताने सरकवत बसतो.

तिसरं, फॉन्ट मुळातच मराठीचा विचार करून बनलेला नसतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र नीट येतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हे फॉन्ट विकत घेण्याआधी टाइप करून पाहा.

छापखान्यात जाणाऱ्या शेवटच्या फाइलमध्ये अक्षरांचे आउटलाइन करून टाका, म्हणजे अक्षरांचं चित्रातल्या रेषांत रूपांतर करा, म्हणजे तिकडे फॉन्ट असो-नसो फरक पडत नाही. आउटलाइन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा. आणि शेवटचं प्रूफ मराठी वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. डिझायनर अक्षरांकडे आकार म्हणून बघतो. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक त्याच्या नजरेतून सहज सुटतो.

९. मराठी एसएमएसचं बिल इंग्रजीपेक्षा जास्त का येतं?

साध्या रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी आली की संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात. इंग्रजी संदेशात एकच इमोजी घातली तरी हेच होतं.

१०. क्यूआर कोड कुठे, केवढा आणि कसा छापावा?

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढला. कारखान्यात वापरायचा असल्याने तो मळला, खरवडला तरी वाचता यावा अशी रचना त्यात आहे. दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो. मध्ये लोगो बसवता येतो तो याच जोरावर. पण पातळी वाढली की ठिपके दाटतात, आणि पत्ता लांबलचक असेल तर आणखीनच. म्हणून पत्ता छोटा ठेवा.

आकाराचा ढोबळ हिशोब: जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याचा दहावा भाग. दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा कोड निदान २० सेंटिमीटरचा हवा. चारही बाजूंनी चार ठिपक्यांएवढी पांढरी पट्टी सोडा. डिझायनरना ती रिकामी जागा सहन होत नाही, तरी सोडा. गडद रंगावर पांढरा, असा उलटा कोड काही फोन वाचत नाहीत.

आता मुद्द्याचं. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या बऱ्याच साइट्स तुमचा पत्ता थेट न घालता स्वतःचा मधला पत्ता घालतात. त्याला डायनॅमिक कोड म्हणतात. नंतर पत्ता बदलता येतो, स्कॅन मोजता येतात, सोय चांगली आहे. पण चाचणीची मुदत संपली की तो मधला पत्ता बंद पडतो, आणि तुमची छापलेली पाच हजार ब्रोशरं पैसे भरण्याच्या पानावर जाऊन आदळतात. उपाय सोपा: तुमच्याच डोमेनवर एक छोटा पत्ता तयार करा, तो पुढे हवा तिकडे वळवा आणि कोड त्याचा, साधा स्टॅटिक (पत्ता थेट आत असलेला) बनवा. डायनॅमिकची सोय तशीच राहते आणि किल्ली तुमच्याकडे. छापण्याआधी प्रत्यक्ष आकारात कागदावर काढून दोन-तीन जुन्या फोनवर तपासा.

११. स्टॉलवर वायफाय रांगत का चालतं?

हॉलमधल्या प्रत्येक स्टॉलने आपापला हॉटस्पॉट सुरू केलेला असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीनच: १, ६ आणि ११. शेकडो हॉटस्पॉट त्या तिनात गर्दी करतात. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर वळवला तर बरंच सुधारतं. मोबाइल टॉवरवरही तोच ताण, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम बरोबर ठेवा. डेमो इंटरनेटवरच अवलंबून असेल तर आयोजकांकडून तारेची जोडणी घ्या. आमचा स्वतःचा नियम याहून कडक आहे: इंटरनेटशिवाय दाखवता येणार नाही असा डेमो प्रदर्शनात न्यायचाच नाही. त्याचं रेकॉर्डिंग करून न्यायचं.

१२. ऑफिसात चाललेला व्हिडिओ स्टॉलच्या टीव्हीवर का चालत नाही?

पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. तो एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये केला तर भाड्याने आलेला जुना टीव्ही तो ओळखतच नाही. म्हणून व्हिडिओ एमपी-४ मध्ये, एच.२६४ ने दाबून, छोटा करून न्या. हॉलच्या गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, तेव्हा शब्द पडद्यावर हवेत. आणि ते चित्रातच भाजलेले हवेत, कारण वेगळ्या सबटायटल फाइलमधली देवनागरी बऱ्याच टीव्हींना वाचता येत नाही. टीव्हीचं वीज वाचवणारं सेटिंग बंद करा, नाहीतर दर काही तासांनी पडदा काळा होतो.

१३. प्रदर्शनाचं सामान विमानाने नेताना काय लक्षात ठेवावं?

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेत न्यायच्या. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. बॅटरीवर फक्त एमएएच लिहिलेलं असेल तर हजाराने भागून ३.७ ने गुणा: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. कॅमेऱ्याच्या मोठ्या दिव्यांच्या बॅटऱ्या ही हद्द सहज ओलांडतात. कंपनीगणिक नियम आणखी कडक असू शकतात, तिकिटावरच्या अटी वाचा.

परदेशातलं प्रदर्शन असेल तर प्रश्न २१ पाहा.

१४. ढीगभर व्हिजिटिंग कार्डं आणली. आता पुढे काय?

खरं तर हा प्रश्न प्रदर्शनाआधी विचारायला हवा. स्टॉलवर होणारा खर्च वसूल होतो तो इथे, आणि बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं तेही इथेच. माणसं दमून परततात, साचलेली कामं उपसायला लागतात, कार्डं रबर लावून ड्रॉवरमध्ये जातात. तीन आठवड्यांनी कुणीतरी सगळ्यांना एकच ईमेल पाठवतं: 'आमच्या स्टॉलला भेट दिल्याबद्दल धन्यवाद.' तोवर समोरचा तुमचा चेहराही विसरलेला असतो.

आम्ही क्लायंटना असं करायला सांगतो. बोलणं संपल्या संपल्या, पुढचा माणूस येण्याआधी, कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: काय विचारलं, काय द्यायचं कबूल केलं, आणि अ, ब किंवा क. 'अ' म्हणजे या आठवड्यात फोन. 'ब' म्हणजे माहिती पाठवायची. 'क' म्हणजे सदिच्छा. गुळगुळीत लॅमिनेटेड कार्डावर पेन उठत नाही. म्हणून छोट्या चिकट चिठ्ठ्या जवळ ठेवा. बॅज स्कॅन करणारं ॲप असेल तर त्यातही शेरा लिहायची सोय असते, ती वापरा. नुसतं स्कॅन केलेलं नाव काहीच सांगत नाही.

रोज संध्याकाळी, हॉटेलवर परतण्याआधी, कार्डांचे फोटो आणि शेरे एका शीटमध्ये जाऊ द्या. त्या शीटमध्ये 'कोण करणार' हा रकाना रिकामा राहता कामा नये. 'सेल्स टीम' हे उत्तर चालत नाही, माणसाचं नाव हवं. आणि जो माणूस फोन करणार तो प्रदर्शनात आला नव्हता, असं असेल तर कार्ड देणाऱ्याला तिथल्या तिथे तसं सांगा: 'तुम्हाला आमच्या अमुक बाई फोन करतील.' त्या फोनची वाट पाहिली जाते.

दोन-तीन दिवसांत 'अ' संपवा. ईमेलमध्ये त्यांनी विचारलेल्या गोष्टीचा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा. 'क' च्या लोकांना काही पाठवलं नाही तरी बिघडत नाही.

१५. मिळालेल्या सगळ्या ईमेलवर न्यूजलेटर सुरू करू का?

नका करू. कार्ड देणं म्हणजे एका बोलण्याचं उत्तर मागणं. दर महिन्याचं न्यूजलेटर मागणं वेगळं. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर कायदा या दोहोंत स्पष्ट फरक करतो आणि इतरत्रही कायदे त्याच दिशेने चालले आहेत. एकेकट्या फॉलोअपच्या ईमेलमध्ये 'आमचं न्यूजलेटर हवं असल्यास इथे नोंदवा' एवढी ओळ घाला. यादी छोटी होईल, पण वाचणाऱ्यांची असेल.

सगळे पत्ते 'टू' किंवा 'सीसी' मध्ये टाकून एकच ईमेल पाठवणं तर पूर्ण वर्ज्य. त्यात प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला दिसतो, तुमच्या स्पर्धकालाही.

१६. आमचे ईमेल स्पॅममध्ये का जातात?

बहुतेक वेळा मजकुरापेक्षा डोमेनची नोंद कारणीभूत असते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची इंटरनेटवरची नोंदवही) असाव्या लागतात. हा ईमेल खरोखर तुमच्याकडूनच आला, हे त्यातून कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० हून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत. त्यासोबत एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. तुम्ही शंभरच पाठवत असलात तरी तिन्ही नोंदी करून घ्या. न्यूजलेटर वेगळ्या सेवेतून पाठवत असाल तर तिचं नाव एसपीएफमध्ये जोडायचं राहून जातं, आधी ते बघा.

मोठी जोडपत्रं टाळा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यापेक्षा लिंक द्या.

१७. न्यूजलेटर किती जणांनी उघडलं, हा आकडा खरा मानायचा का?

नाही. ईमेलमधलं एक न दिसणारं चित्र उतरलं की तो उघडला असं मोजतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, वापरणाऱ्याने खासगीपणा जपण्याची सोय चालू केली असेल तर, ईमेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवतं. माणसाने ईमेल पाहिला नसला तरी आकडा वाढतो. क्लिक आणि आलेली उत्तरं मोजा. लिंकला यूटीएम शेपटी (पत्त्याच्या शेवटी जोडलेली स्रोताची खूण) लावली की भेट कुठून आली ते कळतं. प्रदर्शनातल्या क्यूआरला वेगळी, न्यूजलेटरला वेगळी. नावं एकाच पद्धतीने लिहा, 'Expo' आणि 'expo' सारखा लहान-मोठ्या अक्षरांचा फरकसुद्धा ॲनालिटिक्सला दोन वेगळे स्रोत वाटतो.

१८. डोमेन, सोशल मीडियाचं पेज, जाहिरातीचं अकाउंट कुणाच्या नावावर असावं?

तुमच्या. एजन्सीच्या नाही, वेबसाइट बनवणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नाही, मार्केटिंग मॅनेजरच्या खासगी ईमेलवर तर मुळीच नाही.

डोमेनच्या नोंदीतलं मालकाचं नाव कंपनीचं हवं आणि संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच बंद पेटीत जाते. पेज आणि जाहिरात अकाउंट तुमच्या बिझनेस अकाउंटखाली उघडा आणि एजन्सीला भागीदार म्हणून प्रवेश द्या. तो प्रवेश एका मिनिटात काढता येतो. एजन्सीने स्वतःच्या खात्यात सगळं उघडलं तर वेगळं होताना वर्षांचा जाहिरात-इतिहास तिकडेच राहतो. 'आम्ही सांभाळू, तुम्ही काळजी करू नका' असं कुणी म्हटलं तर नेमकी तिथेच काळजी करा. आम्हालाही हे लागू आहे.

१९. पासवर्ड ग्रुपवर टाकला तर चालेल ना?

ग्रुप सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्येही तो राहतो. पासवर्ड मॅनेजर घ्या आणि त्यातून वाटून द्या. ओटीपी एकाच माणसाच्या सिमवर येत असेल तर तो माणूस विमानात असताना पोस्ट करता येत नाही. ऑथेंटिकेटर ॲप वापरा आणि बॅकअप कोड छापून कुलपात ठेवा.

२०. फाइल क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला?

सिंक आणि बॅकअप वेगळे. सिंक केलेल्या फोल्डरमधून कुणी फाइल उडवली की ती सगळीकडून उडते. जुना ३-२-१ चा नियम अजून पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि वर्षातून एकदा बॅकअपमधून फाइल परत काढून बघा.

फाइलच्या नावात 'फायनल' लिहायला आमच्याकडे बंदी आहे. वर्ष-महिना-दिवस, क्लायंट, काम, आवृत्ती, या क्रमाने नाव दिलं की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतो.

२१. परदेशी प्रदर्शनात यंत्र न्यायचं आहे, विकायचं नाही. तरी जकात भरावी लागते का?

एटीए कार्नेट काढलंत तर नाही, दोन्ही देश त्या व्यवस्थेत असतील तर. ही तात्पुरत्या आयातीची कागदपत्रं असतात आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतात. यादीतली प्रत्येक वस्तू परत आणावी लागते, आणि प्रत्येक सीमेवर शिक्का घ्यावा लागतो. परतीच्या घाईत नेमका तोच राहतो. वाटून टाकायची ब्रोशरं, भेटवस्तू, खाण्याचे नमुने कार्नेटमध्ये बसत नाहीत, त्यांचा वेगळा हिशोब. प्रदर्शनात कुणी यंत्रच विकत मागितलं तर तिथल्या तिथे देऊ नका. ऑर्डर घ्या, यंत्र परत आणा.

२२. मजकूर आणि चित्रं एआयकडून करून घेतली तर?

पहिला कच्चा आराखडा, लांब मुलाखतीचा सारांश, शीर्षकांचे पंधरा पर्याय, इथे वेळ वाचतो. आकडे, नावं, तारखा माणसाने तपासायच्याच. अजून जाहीर न झालेली माहिती किंवा प्रश्न १४ मधली ग्राहकांची शीट फुकट चॅटमध्ये चिकटवायची नाही. तुमच्या वस्तूचं चित्र एआयकडून बनवून घेणं म्हणजे अस्तित्वात नसलेली वस्तू विकणं. वस्तूचा फोटोच काढा. यंत्राने लिहिलेलं मराठी तर मोठ्याने वाचून पाहा, कुठे अडखळतं ते जिभेला लगेच कळतं.

२३. सगळे रीलला गाजलेली गाणी लावतात. आम्ही का नाही?

ॲपमधली बरीचशी गाणी खासगी वापरापुरती परवान्याने दिलेली असतात. बिझनेस अकाउंटला म्हणूनच यादी छोटी दिसते. त्यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावरून कंपनीची जाहिरात टाकली तरी ती जाहिरातच राहते. व्यापारी वापराचा परवाना असलेलं संगीत घ्या आणि पावती जपा. तोच व्हिडिओ स्टॉलच्या टीव्हीवर लावायचा असेल तर सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा हक्क हा आणखी वेगळा विषय आहे, आयोजकांना विचारा. गूगलवर सापडलेल्या फोटोंनाही हेच लागू.

२४. करार संपल्यावर ओपन फाइल्स (बदल करता येणाऱ्या मूळ फाइली) मागितल्या तर द्याव्या लागतात का?

करारात लिहिलं असेल ते. काही लिहिलंच नसेल तर वाद होतो, म्हणून सुरुवातीलाच लिहा. छापलेलं ब्रोशर आणि त्याची बदल करता येणारी फाइल, या दोन वेगळ्या गोष्टी धरून बऱ्याच एजन्सी दुसरीचे पैसे वेगळे घेतात. एक अडचण मात्र करारानेही सुटत नाही: आत वापरलेले फॉन्ट आणि विकतचे फोटो एजन्सीच्या परवान्यावर असतील तर ते फाइलसोबत देता येत नाहीत. तुम्हाला ते पुन्हा विकत घ्यावे लागतात. मोठं काम असेल तर फॉन्टचा परवाना पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर घ्या (प्रश्न १८ चंच हे भावंड).

२५. प्रदर्शन ऐनवेळी रद्द झालं किंवा पुढे ढकललं तर?

जागेचे पैसे किती आणि कधीपर्यंत परत मिळतात, हे बुकिंगच्या अटींत असतं. 'पुढे ढकललं' म्हणजे 'रद्द' नव्हे, असं कलम त्यात बहुतेक वेळा सापडतं. तुमचे पैसे नव्या तारखेला वर्ग होतात आणि ती तुम्हाला सोयीची नसली तरी परत मिळत नाहीत. हॉटेल आणि तिकिटं बदलता येतील अशीच घ्या. छापाईतलं नुकसान टाळायला बॅनर-ब्रोशरवर प्रदर्शनाचं नाव, साल आणि स्टॉल क्रमांक छापू नका. स्टॉल क्रमांक तसाही शेवटच्या आठवड्यात बदलतो. तो छोट्या स्टिकरवर छापून घ्या आणि हॉलमध्ये पोहोचल्यावर चिकटवा.